घरगुती वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेल ट्रकचा ड्रॅग मोजणे

खटपट्या
१:५० मापाचा डबा-बॉडी ट्रक सनबोर्डमध्ये करतोय. लांबी १९ सेंमी, रुंदी ५ सेंमी, उंची ७.६ सेंमी. केबिन डब्यापेक्षा २ सेंमी बुटकी आहे. प्रश्न एकच: केबिनच्या टपावर तिरपा डिफ्लेक्टर (हवा वर वळवणारी पाटी) लावला तर ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध, किती टक्के कमी होतो? १८ इंची एक्झॉस्ट फॅन आहे, ०.०१ ग्रॅमचा खिशातला डिजिटल काटा आहे आणि ॲक्रिलिक कापून मिळतं. बोगदा कसा बांधावा आणि जोर कसा मोजावा? फॅनसमोर ट्रक ठेवून मागे काटा टेकवला तर भागेल का?

वातकुक्कुट
फॅनसमोर ठेवून भागणार नाही. पात्यांमागची हवा गोल फिरत येते, मधोमध वेग कमी असतो आणि कडेला जास्त. ट्रक दोन सेंमी सरकवला की आकडा बदलेल. फॅन हवा ढकलणारा नको, ओढणारा हवा, म्हणजे सगळ्यात शेवटी. क्रम असा: तोंडाशी जाळी, मग आकुंचन, मग चाचणीचा भाग, मग हळूहळू रुंदावणारा डिफ्यूझर आणि शेवटी फॅन.

आधी हिशेब करू. चाचणीचा भाग ३० × ३० सेंमी धरला आणि वेग ८ मीटर प्रति सेकंद धरला, तर सेकंदाला ०.७२ घनमीटर हवा लागते, म्हणजे तासाला २६०० घनमीटर. १८ इंची फॅन मोकळ्या हवेत यापेक्षा बरंच जास्त ओढतो, पण जाळ्या लावल्या की बराच भाग त्यात जातो. ८ पर्यंत पोचाल, १५ ची आशा धरू नका.

पुणं धरलं तर तिथल्या उंचीवर ३० अंशाला हवेची घनता साधारण १.०९ किलो प्रति घनमीटर असते. पुस्तकातला १.२२५ आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंशांचा आहे, तो वापरलात तर उत्तर दहा टक्क्यांहून जास्त चुकेल. ८ मीटर वेगाला गतिज दाब, म्हणजे हवेच्या वेगामुळे येणारा दाब, ३५ पास्कल. ट्रकचं समोरचं क्षेत्रफळ, चाकांमधली मोकळी जागा वजा करून, ३६ चौसेंमी धरा. सीडी (ड्रॅगचा गुणांक, आकारावर ठरणारा) ०.८ धरला तर ड्रॅग ०.१ न्यूटन, म्हणजे दहा ग्रॅम वजनाइतका. डिफ्लेक्टरने १५ टक्के फरक पडला तर तो दीड ग्रॅम. दीड ग्रॅम खात्रीने पकडायचा तर एकूण गोंधळ ०.२ ग्रॅमच्या आत ठेवावा लागेल. सगळी मेहनत या ०.२ साठीच.

मापं: तोंड ६० × ६० सेंमी, म्हणजे आकुंचन चारास एक. त्याची लांबी ६० सेंमी. भिंती सरळ उतरत्या करू नका, इंग्रजी एससारखा बाक द्या. चारी बाजूंना १ मिमी सनमायका वाकवून बसते. चाचणीचा भाग ७० सेंमी लांब. डिफ्यूझर ३० सेंमी चौकोनापासून ४५ सेंमी गोलापर्यंत, लांबी किमान १२० सेंमी. घाईत तो ५० सेंमीचा केला तर हवा भिंतीपासून सुटते आणि वेग खालीवर होत राहतो.

फॅन आणि डिफ्यूझर एकमेकांना चिकटवू नका. २ सेंमी फट ठेवून ती रेक्झीनच्या पट्टीने बंद करा आणि फॅनचा स्टँड वेगळा ठेवा. नाहीतर मोटरची थरथर थेट काट्यावर येते. फॅनला पुढून जाळी हवीच, सुटलेला मॉडेलचा तुकडा थेट पात्यांत जातो.

मोजपट्टी
+१. एक भर घालतो. वेग कमीजास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका, मोटर गुणगुणते आणि व्होल्टेज हललं की वेगही हलतो. फॅनचं तोंड झाकणंही चुकीचं, तसं केलं की पाती अडखळतात आणि हवा धक्क्याधक्क्याने येते. डिफ्यूझरच्या शेवटाला, फॅनच्या जरा अलीकडे, बाजूला एक सरकती खिडकी करा. ती उघडली की फॅन थोडी हवा तिथून ओढतो आणि बोगद्यातला वेग कमी होतो. फॅन मात्र आपल्या सुखात असतो.

खटपट्या
जाळी म्हणजे हनिकोंब, मधाच्या पोळ्यासारख्या नळ्यांची, तीच ना? सगळीकडे स्ट्रॉ चिकटवा असं लिहिलंय. ६० × ६० ला किती लागतील?

वातकुक्कुट
६ मिमीच्या धरल्या तर साडेअकरा हजार! शिवाय प्लास्टिकच्या स्ट्रॉवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ ओल धरून वाकतात. त्या नादाला लागू नका.

तीन प्लायचे पुठ्ठ्याचे खोके घ्या. आतल्या पन्हाळ्या ५ सेंमी दिशेने राहतील अशा ५ सेंमी रुंद, ६० सेंमी लांब पट्ट्या कापा. एकावर एक रचल्या की ३ मिमी जाडीच्या २०० पट्ट्यांत चौकट भरते. धारदार कटर वापरा, पाती सतत बदला. चेपलेलं टोक म्हणजे बुजलेली नळी. कूलरचे हनिकोंब पॅड दिसायला झकास, पण त्यांच्या नळ्या तिरप्या असतात. हवा सरळ होण्याऐवजी वर-खाली फेकली जाईल.

त्यामागे ८-१० सेंमी अंतर सोडून फायबरची मच्छरजाळी ताणून बसवा, एक थर. दुसरा थर हवा असेल तर पुन्हा ८ सेंमी सोडून. जाळीला सुरकुती पडली तर तिचा पट्टा थेट ट्रकपर्यंत जातो. महिन्याला ब्रशने धूळ झाडा, धुळीने वेग उतरतो.

चाकोरीबाहेर
एवढा खटाटोप कशाला? ट्रकला बेअरिंगची चाकं लावा, लांब गुळगुळीत व्हरांड्यात सोडा आणि मोबाइलने शूट करून वेग कसा उतरतो ते मोजा. मोठ्या गाड्यांचा ड्रॅग असाच काढतात की.

मोजपट्टी
मोठ्या गाड्यांचा काढतात, कारण तिथे वेग जास्त असतो. नासाने १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात एका व्हॅनला चौकोनी खोक्यासारखी बॉडी चढवून अशाच पद्धतीने चाचण्या घेतल्या. उभ्या कडा गोल केल्यावर ड्रॅग सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. पण ती खरी व्हॅन, महामार्गाच्या वेगाला.

व्हरांड्यात बघा. मॉडेल ३०० ग्रॅमचं, घरंगळण्याचा रोध वजनाच्या २ टक्के, म्हणजे ६ ग्रॅम. वेग २ मीटर प्रति सेकंद, तेव्हा हवेचा ड्रॅग जेमतेम ०.६ ग्रॅम. डिफ्लेक्टरचा फरक त्यातला ०.१ ग्रॅम. फरशीचा एक सांधा यापेक्षा जास्त खातो. ही पद्धत इथे बाद.

चाकोरीबाहेर
आकडे पाहून माघार. :)

मोजपट्टी
वेग मोजण्याबद्दल. पंखीचा स्वस्त अनिमोमीटर बोगद्यात घातला तर तो स्वतःच हवा अडवतो, त्यामुळे एकदा पडताळायला ठीक, रोजच्या मोजणीला नाही. पाण्याचा तिरपा मॅनोमीटर, म्हणजे दाबातला फरक दाखवणारी नळी, करा.

गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब, आतला व्यास ६ मिमी. सलाइनची नळी नको, तिच्यात पाणी चिकटून राहतं. ५० सेंमीच्या फळीवर ट्यूब सरळ ताणून बसवा आणि फळीचं एक टोक बरोबर ५ सेंमी उचला. आता उभा १ मिमी म्हणजे नळीवर १० मिमी. खालच्या टोकाला रुंद बरणी जोडा. पाण्यात थोडा शाईचा रंग आणि भांडी घासायच्या द्रवाचा एकच थेंब, म्हणजे पाणी नळीत अडकत नाही.

दोन ठिकाणी भिंतीला १ मिमीची भोकं पाडा. एक आकुंचनाच्या आधी, जाळीच्या नंतर. दुसरं चाचणीच्या भागात, मॉडेलच्या बरंच पुढे. आतल्या बाजूला भोकाची कड उठलेली नको, बोटाला लागली तर दाब चुकतो. पहिलं भोक बरणीला आणि दुसरं नळीच्या वरच्या टोकाला जोडा. दोन्हींतला फरक म्हणजे गतिज दाबाचा ०.९४ भाग, कारण आकुंचन चारास एक असताना उरलेला सोळावा भाग आधीच वेगात गेलेला असतो. ३५ पास्कलला नळीवर साधारण ३३ मिमी दिसायला हवेत.

आता सहसा सुटणारी गोष्ट. नळीत पाणी चढलं की बरणीत पातळी उतरते. १० सेंमी व्यासाच्या बरणीत हा फरक नगण्य वाटतो, पण नळी दहास एक तिरपी असल्याने चूक साडेतीन टक्के होते. एक तर १८-२० सेंमीचा डबा वापरा, नाहीतर वाचन १.०३६ ने गुणा.

रामबाण
मॅनोमीटर वाचताना डोळा नळीच्या बरोबर समोर हवा. पट्टीखाली आरशाचा तुकडा चिकटवला की झालं.

वातकुक्कुट
आता तराजू. खिशातल्या काट्याला आडवा जोर कळत नाही, म्हणून लोक एल आकाराची तरफ करतात: उभ्या दांडीवर मॉडेल, आडवी दांडी काट्यावर. दिसायला सोपी, पण एक खोट आहे. तरफ जोर मोजत नाही, आघूर्ण (जोराचा फिरवण्याचा परिणाम) मोजते. ट्रकचं नाक वर उचललं जात असेल तर तेही ड्रॅग म्हणून नोंदवलं जाईल. डिफ्लेक्टर लावल्यावर नेमका हाच भाग बदलतो, म्हणजे जे मोजायचं त्यातच भेसळ.

त्यापेक्षा १०० ग्रॅमचा बार लोड सेल (जोराने वाकली की विजेचा इशारा देणारी धातूची पट्टी), तो इशारा वाचणारं एचएक्स७११ मॉड्यूल आणि आकडे नोंदवायला आर्डुइनो बोर्ड घ्या. बार उभा धरा, खालचं टोक जड पायाला दोन बोल्टने आवळा, वरच्या टोकाला ४ मिमीची पोलादी दांडी लावा आणि दांडीवर ट्रक. बारमधली भोकं त्याला समांतरभुज चौकोनासारखं वाकवतात, त्यामुळे तो आडवा जोर घेतो आणि आघूर्णाला फारशी भीक घालत नाही. स्वस्त सेलमध्ये हे पूर्ण खरं नसतं, म्हणून तपासा. फॅन बंद ठेवून ट्रकच्या नाकावर रुपयाचं नाणं ठेवा, मग शेपटावर ठेवा. दोन वाचनांत ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर सेल किंवा त्याची बसवणूक वाकडी आहे.

बाकीच्या गोष्टी पटापट. सेलला वीज देऊन १५ मिनिटं तापू द्या, नाहीतर शून्य सरकत राहतं. मॉड्यूल सेकंदाला १० वाचनं देतं, १० सेकंदांची सरासरी घ्या. वायर मोकळी लोंबू देऊ नका, हवेत हलली तर आकडे हलतात.

खटपट्या
काटाच वापरायचा म्हटलं तर अजिबात जमणार नाही का? चाचणी म्हणून काट्यावर तरफेने हळूहळू जोर वाढवला, तर आकडा शून्यावरच चिकटून राहतो.

मोजपट्टी
तो बिघाड नाही. अशा काट्यांत शून्य आपोआप धरून ठेवायची सोय असते. शून्याजवळ हळू वाढलेलं वजन त्याला धूळ वाटते आणि तो ते गिळून टाकतो. उपाय: काट्यावर आधी ५० ग्रॅमचं काहीतरी ठेवा, शून्याचं बटण दाबू नका आणि वाचनांची वजाबाकी करा. तरफेचा आधार रेझर ब्लेडच्या धारेचा ठेवा. बेअरिंग वापरलंच तर पेट्रोलमध्ये धुऊन आतलं ग्रीस काढा. तरीही वातकुक्कुटांचा आघूर्णाचा मुद्दा उरतोच, त्यामुळे लोड सेलच बरा.

लेथवाला
एका गोष्टीवर अजून कुणी बोललं नाही. ओढणाऱ्या बोगद्यात चाचणीच्या भागातला दाब खोलीपेक्षा कमी असतो, इथे साधारण ४५ पास्कल. दांडीसाठी तळाला १२ मिमीचं भोक पाडलं की बाहेरची हवा त्यातून ९ मीटर वेगाने आत घुसते आणि ट्रकच्या पोटावर आदळते. कितीही चांगला सेल लावा, कचराच मोजाल.

सेल आणि त्याचा पाया बोगद्याखाली हवाबंद पेटीत ठेवा. थर्मोकोलची माशांची पेटी चालते, वायर बाहेर पडते तिथे सिलिकॉन भरा. पेटी फक्त त्या भोकाने बोगद्याशी जोडलेली राहिली की आत-बाहेर दाब सारखा होतो आणि झोत थांबतो. तपासणी: भोकाजवळ दोऱ्याचा तुकडा धरा. फॅन चालू असताना तो वर उडायला नको. आणि पेटी सेलच्या पायाला टेकता कामा नये. पाया जमिनीवर उभ्या वेगळ्या ठोकळ्यावर, पेटी बोगद्याला लटकलेली, दोघांमध्ये फुग्याच्या रबराची झिल्ली.

वातकुक्कुट
बरोबर, हे राहून गेलं होतं. त्याच ओघात जमीन. बोगद्याच्या तळावर हवेचा मंद थर साचलेला असतो, ट्रक त्यात बुडवू नका. तळापासून ५ सेंमी वर ३ मिमी ॲक्रिलिकची फळी बसवा, पुढची कड गोल घासून. कडेपासून २० सेंमीवर थर ३ मिमीच्या आसपास असतो, चालेल. चाकं फळीपासून १ मिमी वर तरंगती हवीत. एक चाक जरी टेकलं तरी अर्धा ड्रॅग फळी खाईल. चाकाखालून कागद सरकवून पाहा, फॅन चालू असतानाही, कारण तेव्हा दांडी किंचित मागे झुकते.

दांडीचा स्वतःचा ड्रॅग वजा करायचा. नुसती दांडी उभी करून मोजू नका, ट्रकखाली तिला वेगळीच हवा लागते. ट्रक वरून दुसऱ्या आधाराने टांगा, दांडीला १ मिमी अंतर ठेवून, आणि तेव्हा सेलवर जे येईल ते वजा करा.

चाकोरीबाहेर
एवढं करून येणारा आकडा खरा, हे कशावरून?

मोजपट्टी
ट्रक चढवायच्या आधी ५ सेंमी व्यासाची गोल चकती वाऱ्याला काटकोनात लावा. तिचा सीडी १.१७ हे वर्षानुवर्षं मोजलेलं आहे आणि धारदार कडेमुळे वेग बदलला तरी तो बदलत नाही. ३५ पास्कलला ८.२ ग्रॅम यायला हवेत. ७.८ ते ८.६ आलं तर पुढे जा. दुसरी तपासणी ४० मिमीच्या टेबल टेनिस चेंडूने, साधारण २ ग्रॅम.

सेल आधी वजनांनी जुळवा: ट्रकच्या उंचीवर आडवा दोरा, हलक्या कप्पीवरून खाली नाणी. २०११ च्या मालिकेचा रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि २०१९ च्या मालिकेचा ३.०९ चा, मिसळू नका. त्यापेक्षा आपल्याच काट्यावर एकेक तोलून घ्या.

आणि एकाच वेगाला मोजून थांबू नका. बाजूची खिडकी सरकवत पाच वेगांना मोजा, आडव्या अक्षावर गतिज दाब, उभ्यावर ड्रॅग. बिंदू सरळ रेषेत आणि रेषा शून्यातून जाणारी हवी. रेषा शून्य सोडून वर किंवा खाली कापत असेल तर कुठेतरी घासतंय किंवा शून्य सरकलंय. रेषाच वाकली तर हवेचं वागणं वेगानुसार बदलतंय. सीडी रेषेच्या उतारावरून काढा, एकट्या बिंदूवरून नाही.

रामबाण
मॉडेलचा सीडी खऱ्या ट्रकला लागू होईल का? रेनॉल्ड्स अंक (माप, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा) जुळतो का?

वातकुक्कुट
नाही होणार. मॉडेलचा रेनॉल्ड्स अंक ९० हजारांच्या घरात, ६० किमी वेगाच्या खऱ्या ट्रकचा त्याच्या शंभरपट. तो जुळवायचा तर मॉडेलवर ताशी ३००० किमीचा वारा हवा, तेव्हा ध्वनीचा वेगही ओलांडलेला असेल.

डबा-बॉडी निवडली हे नशीब. धारदार कडेवर हवा कुठे सुटणार ते कडच ठरवते, त्यामुळे आकडा फारसा हलत नाही. गोलसर कारचं मॉडेल घेतलं असतं तर छोट्या मापात हवा लवकर सुटून सीडी फुगला असता. केबिनचे गोल कोपरे मात्र इथेही फसवतील: खऱ्यावर १५ सेंमीची गोलाई मॉडेलवर ३ मिमी होते आणि या वेगाला ती जवळपास धारदार कडेसारखीच वागते. केबिन चौकोनीच ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा. उत्तर 'या मॉडेलवर डिफ्लेक्टरने इतके टक्के फरक' एवढंच द्या.

राइट बंधूंनी १९०१ मध्ये डेटनला सहा फुटी लाकडी पेटीत हेच केलं. हॅकसॉच्या पात्यांपासून आणि सायकलच्या तारांपासून केलेला त्यांचा तराजू पंखाचा जोर सुटा मोजत नव्हता, त्याच वाऱ्यातल्या चपट्या पट्ट्यांच्या रोधाशी तुलना करत होता. वाऱ्याचा वेग थोडा हलला तरी तुलना टिकायची.

मोजपट्टी
तुलनेसाठी क्रमही तसाच: डिफ्लेक्टरविना, सह, सह, विना. प्रत्येक वेळी फॅन बंद-चालू-बंद आणि दोन्ही शून्यांची सरासरी वजा. असा क्रम ठेवला की सेलचं हळू सरकणं दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं.

भिंतींच्या अडथळ्याचा हिशेब: फळीच्या वर ३० × २५ सेंमी उरतात, ट्रक त्यातले ४.८ टक्के अडवतो. मास्केलच्या पद्धतीने खरा गतिज दाब अंदाजे १ + २.५ × ०.८ × ०.०४८, म्हणजे १.०९६ पट. तेवढ्याने सीडीला भागा. दोन्ही मॉडेलांना ही दुरुस्ती जवळपास सारखीच, त्यामुळे टक्क्यांतला फरक फारसा बदलत नाही.

रामबाण
शाळेच्या प्रदर्शनासाठी एवढं सगळं नको असेल तर? मॉडेल दोऱ्याने टांगून कोन मोजला तर?

लेथवाला
चालतं. ४० ग्रॅमचं मॉडेल १० ग्रॅमच्या ड्रॅगला १४ अंश मागे जातं, कोनाचा टॅन गुणिले वजन की झालं उत्तर. शिवणाचा दोरा नको: ०.३ मिमीचे चार धागे मिळून स्वतःच ग्रॅमभर ड्रॅग घेतात. ०.१ मिमीची मासेमारीची तार वापरा. पण इथे जमीन नसते आणि वरचा जोर कोनात मिसळतो. मुलांना घन आणि चेंडू यांतला फरक दाखवायला उत्तम, डिफ्लेक्टरच्या दीड ग्रॅमला नाही.

खटपट्या
लोड सेल मागवला, पेटीचं पक्कं. हवा कुठे सुटते ते दिसावं म्हणून उदबत्ती लावू का?

वातकुक्कुट
८ मीटर वेगाला धूर लगेच फाटतो. लावायचीच तर खिडकी पूर्ण उघडून वेग दीड-दोन मीटरवर आणा. त्यापेक्षा २ सेंमीचे लोकरीचे धागे डब्याच्या टपावर आणि कडेला टेपने चिकटवा. सपाट पडून राहिले तर हवा चिकटलेली, फडफडले किंवा पुढे वळले तर सुटलेली. जोर मोजताना मात्र काढून टाका.

रामबाण
आडवा वारा असेल तर डिफ्लेक्टर तितकाच कामाचा राहतो का, तेही यावर बघता येईल?

लेथवाला
येईल. ६० किमी वेगाच्या ट्रकला १० किमीचा आडवा वारा लागला की हवा साडेनऊ अंशांनी येते. ट्रक आणि सेल दोन्ही एकत्र फिरवा, म्हणजे ट्रकच्या लांबीच्या दिशेचा जोर मिळेल, इंजिनाला तोच ओढावा लागतो. नुसता ट्रक फिरवला तर बोगद्याच्या दिशेचा जोर मिळतो आणि त्यात बाजूचा जोर घुसतो. ०, ५ आणि १० अंश पुरेत, १० च्या पुढे या रुंदीत भिंत जवळ येते. केबिन आणि डब्यामधली फट प्रत्येक कोनाला तीच ठेवा. आडव्या वाऱ्यात हवा त्या फटीतून आरपार जाते आणि डिफ्लेक्टरचा फायदा तिथेच घटतो. फट १ सेंमी आणि २ सेंमी अशी दोनदा मोजलीत तर डिफ्लेक्टरपेक्षा रंजक आलेख मिळेल.